कठडा खाली जातो तेव्हा: व्हीआर खेळ आणि उंचीची भीती

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपल हिलच्या एका संगणक प्रयोगशाळेत, वीस फूट खोल खड्डा होता. खरं तर खोली सपाटच होती. पण व्हीआरचा (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे संगणकाने डोळ्यांपुढे उभं केलेलं आभासी जग) हेडसेट चढवला की खोलीच्या मधली जमीन नाहीशी झालेली दिसायची. भिंतीलगत जेमतेम उभं राहण्यापुरती कडा उरायची आणि खाली वीस फुटांवर दुसरी खोली दिसायची. प्रयोगाला आलेल्या माणसांना आधी शेजारच्या साध्यासुध्या आभासी खोलीत फिरवत, मग या खड्ड्याच्या खोलीत पाठवत. आपण प्रयोगशाळेत उभे आहोत हे प्रत्येकाला पक्कं माहीत होतं. तरी खड्ड्यापाशी आल्यावर नाडी वाढायची. मग संशोधकांनी कडेच्या जागी दीड इंच जाडीची लाकडी फळी ठेवली, म्हणजे पायाच्या बोटांना खरोखरची कड लागेल. नाडी आणखी वाढली. मायकेल मीहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दीड इंच ही त्या सगळ्या प्रकारातली एकमेव खरी उंची!

‘खोटी उंची बघून खरी भीती कशी जाईल?’ हा व्हीआर उपचारांबद्दलचा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. त्याचं निम्मं उत्तर या प्रयोगात मिळतं. खोटी उंची खरी भीती आणू शकते. आणि जी भीती मागवता येते, मोजता येते, थोडी थोडी वाढवता येते, तिच्याबरोबर काम करता येतं. उरलेलं निम्मं उत्तर जरा लांबचं आहे, कारण नुसतं घाबरून भीती जात असती तर प्रत्येक उंच पाळण्यातून माणसं बरी होऊन उतरली असती.

आधी उंचीवर नेमकं काय होतं ते पाहू.

आपण स्थिर उभे आहोत असं वाटतं, पण शरीर सतत थोडं पुढे-मागे झुलत असतं. हे झुलणं सावरायला मेंदू तीन ठिकाणांहून माहिती घेतो: डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग, आणि पायांचे तळवे व सांधे. डोळ्यांचं काम जवळच्या स्थिर वस्तूंवर चालतं. शरीर एक सेंटिमीटर झुललं की समोरची खुर्ची नजरेत किंचित सरकते आणि मेंदू तोल दुरुस्त करतो. गच्चीच्या काठावर मात्र समोर जवळचं काहीच नसतं. सगळ्यात जवळची वस्तू चाळीस-पन्नास फुटांवर. एवढ्या अंतरावरून ते सरकणं डोळ्यांना जाणवतच नाही. कान आणि पाय म्हणतात ‘आपण हलतोय’, डोळे म्हणतात ‘काही हललेलं नाही’. पाय लटपटतात, पोटात गोळा येतो, आणि जमिनीवर बसावंसं वाटतं ते या विसंवादातून. म्युनिकचे मेंदूविकारतज्ज्ञ थॉमस ब्रँट यांनी याचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे.

म्हणजे उंचीवर थोडं अस्वस्थ होणं हा शरीराचा धर्म आहे, त्यात भित्रेपणा नाही. ब्रँट आणि डोरीन हुपर्ट यांच्या गटाने जर्मनीत साडेतीन हजारांवर लोकांना विचारलं, तेव्हा सुमारे २८ टक्के लोकांनी आयुष्यात कधी ना कधी उंचीवरून बघताना असा त्रास झाल्याचं सांगितलं. ज्याला मानसोपचारात फोबिया म्हणतात तो प्रकार याहून बराच कमी आढळतो, सुमारे ३ ते ६ टक्के. निदान करताना साधारणपणे असं पाहतात की भीती सहा महिने किंवा जास्त टिकून आहे, धोक्याच्या मानाने ती फार मोठी आहे, आणि तिच्यामुळे जगण्यात अडथळा येतोय. चौथ्या मजल्यावरचं आवडलेलं घर सोडून तळमजल्याचं घ्यायचं, मॉलमध्ये सरकत्या जिन्याऐवजी मागची लिफ्ट शोधायची, रेल्वेचा पादचारी पूल टाळायला पुढच्या स्टेशनावर उतरायचं, मुलांबरोबर महाबळेश्वरला जाऊन पॉइंटच्या अलीकडे गाडीतच बसून राहायचं. आसपास नीट पाहिलं तर अशी माणसं सापडतात. ती सहसा ‘मला भीती वाटते’ म्हणत नाहीत. ‘तुम्ही जाऊन या, मी सामान बघतो’ म्हणतात.

इथे एक खबरदारी. बिछान्यात कूस बदलताना किंवा सपाट जमिनीवर चालतानाही गरगरत असेल तर तो वेगळा प्रकार असू शकतो. तेव्हा आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचं. व्हीआर, मानसोपचार वगैरे नंतर.

भीतीमुळे उंची डोळ्यांना वेगळी दिसते, ही मला या विषयातली सगळ्यात रंजक गोष्ट वाटते. जेनिन स्टेफानुची आणि डेनिस प्रॉफिट यांनी लोकांना बाल्कनीतून खाली बघून उंचीचा अंदाज करायला सांगितला. खालून वर बघताना होते त्यापेक्षा वरून खाली बघताना अंदाज कितीतरी जास्त फुगतो, आणि ज्याची भीती जास्त त्याचा अंदाज आणखी जास्त. म्हणजे ‘अरे, दोनच तर मजले आहेत!’ असं समजावणाऱ्याला दोन मजले दिसत असतात, आणि ऐकणाऱ्याला चार. समजावण्याचा उपयोग का होत नाही हे यावरून कळतं.

मग भीती वर्षानुवर्षं टिकते कशी? ती टाळण्यावर जगते. गच्चीच्या दाराशी छातीत धडधड सुरू होते, माणूस मागे वळतो, धडधड थांबते. मेंदू यातून शिकतो की मागे वळलो म्हणून वाचलो. काठापर्यंत गेल्यावर काय झालं असतं, हे कळायची संधीच येत नाही. दुसरा प्रकार याहून फसवा आहे. माणूस काठापर्यंत जातो, पण कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून, नजर क्षितिजावर खिळवून, श्वास रोखून. त्याला वाटतं, मी सामना केला. मेंदूने मात्र नोंदवलेलं असतं की कठडा धरला होता म्हणून पडलो नाही. मानसोपचारात या युक्त्यांना सुरक्षा-वर्तन म्हणतात, आणि उपचाराचा बराच वेळ त्या एकेक करून सोडवण्यात जातो.

यावरचा उपाय जुना आहे: ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ पायरी-पायरीने जायचं, आणि भीती वाटत असतानाच तिथे थांबायचं. जर्मन कवी गटे १७७०च्या सुमारास स्ट्रासबुर्गला कायदा शिकत असताना तिथल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर एकटा चढायचा. टोकाखालच्या जागेत पाव तास बसायचा, मग जेमतेम हातभर रुंदीच्या उघड्या चौथऱ्यावर येऊन उभा राहायचा. उंचीवर येणारी भोवळ जावी म्हणून हे त्याने इतक्या वेळा केलं की शेवटी काही वाटेनासं झालं. उपचार म्हणून याची शिस्तशीर मांडणी व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. दक्षिण आफ्रिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये पद्धत मांडली, त्यात शरीर सैल सोडून भीतीचे प्रसंग चढत्या क्रमाने मनात आणायचे होते. पुढे कळत गेलं की मनात आणण्यापेक्षा प्रत्यक्ष जाणं जास्त उपयोगी पडतं.

पण प्रत्यक्ष जायचं कुठे? उपचार करणाऱ्याने रुग्णाला घेऊन उंच इमारत शोधायची, तिथल्या सुरक्षारक्षकाची परवानगी काढायची, तासभर काठावर उभं राहायचं, आणि त्यात पाऊस आला की सगळं रद्द. शिवाय खरी इमारत ऐकत नाही. आज फक्त अडीच मजले हवे आहेत, कठडा छातीइतका हवा आहे आणि दहा मिनिटांनी तो कमरेपर्यंत यायला हवा आहे, हे तिला सांगता येत नाही. संगणकाला सांगता येतं. व्हीआर या उपचारात आलं ते इथून. नवं यंत्र आहे म्हणून कुठेतरी वापरून पाहण्याचा हा प्रकार नव्हता.

बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांच्या गटाने अटलांटामध्ये केलेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. २० महाविद्यालयीन विद्यार्थी, त्यातल्या १२ जणांना उपचार आणि ८ जण प्रतीक्षायादीवर. आठवड्याला एक सत्र, अशी सात सत्रं. दृश्यं तीन प्रकारची: दरीवरचे पादचारी पूल, वेगवेगळ्या उंचीच्या बाल्कन्या, आणि ४९ मजले वर जाणारी काचेची लिफ्ट. चित्रं त्या काळच्या संगणकाला झेपतील अशी, म्हणजे ओबडधोबडच. तरीही उपचार घेतलेल्यांची भीती स्पष्ट कमी झाली. मला यातला आकड्यांपेक्षा एक तपशील मोठा वाटतो. उपचार पूर्ण केलेल्या १० जणांपैकी ७ जण, कुणी सांगितलेलं नसताना, आपणहून खऱ्या उंच जागी जाऊन आले होते. खोट्या लिफ्टने त्यांना खऱ्या लिफ्टपर्यंत नेलं.

पुढचा प्रश्न ओघानेच आला: खरं आणि खोटं समोरासमोर ठेवलं तर? ॲमस्टरडॅमला पॉल एमेलकांप यांच्या गटाने २००२ मध्ये तेच केलं. शहरातल्या एका मॉलचा मधला भाग, आग लागल्यावर उतरायचा बाहेरचा जिना आणि छतावरची बाग अशा तीन जागा त्यांनी निवडल्या आणि त्यांचीच संगणकात प्रतिकृती बनवली. ३३ जणांपैकी काहींनी खऱ्या जागी उपचार घेतले, काहींनी हेडसेटमध्ये. चिंता आणि टाळाटाळ कमी करण्यात दोन्ही गट तोडीस तोड निघाले, आणि सहा महिन्यांनीही फायदा टिकून होता.

इथपर्यंत खेळ कुठेच नव्हता. दृश्य होतं, आणि शेजारी बसून सूचना देणारा माणूस होता. खेळ आला ऑक्सफर्डमध्ये.

डॅनियल फ्रीमन यांच्या गटाची चाचणी २०१८ मध्ये ‘लॅन्सेट सायकिएट्री’मध्ये प्रसिद्ध झाली. ऑक्सफर्डशायरमधल्या रेडिओवर जाहिरात देऊन उंचीला भिणारे १०० लोक गोळा केले. ४९ जणांना व्हीआर, ५१ जणांना नेहमीचं, म्हणजे व्यवहारात जवळजवळ काहीच नाही. ही माणसं सरासरी ३० वर्षं ही भीती बाळगून होती. उपचार होता दोन आठवड्यांत सुमारे सहा सत्रं, प्रत्येक साधारण अर्ध्या तासाचं. वेगळेपण असं की सूचना देणारा माणूस त्यात नव्हता. हेडसेटमध्येच एक आभासी प्रशिक्षिका भेटायची. ती आधी उंचीच्या भीतीची माहिती सांगायची आणि तुम्हाला नेमकी कशाची धास्ती आहे ते विचारायची. मग घेऊन जायची एका दहा मजली इमारतीत, जिच्या मधोमध तळापासून छतापर्यंत मोकळी जागा आहे. प्रत्येक मजल्यावरून त्या पोकळीत डोकावता येतं. कोणत्या मजल्यावर जायचं ते तुम्ही ठरवायचं.

सुरुवात सोपी. काठाजवळ उभं राहायचं, आणि समोरचा कठडा हळूहळू खाली जाऊ लागतो. तुम्ही काही करायचं नाही, फक्त तो जाताना बघायचा. मग कामं वाढत जातात. पोकळीच्या काठाशी बसून झायलोफोन वाजवायचा. काठावरून खाली चेंडू टाकायचे. एका डुगडुगत्या पुलावरून चालत जायचं. झाडावर अडकलेल्या मांजराला सोडवून आणायचं. आणि सगळ्यात शेवटी, इमारतीच्या त्या मोकळ्या पोटातून तरंगणाऱ्या देवमाशावर बसून फेरी मारायची.

हे वाचून हसू येतं, आणि यायलाच हवं. पण या पोरखेळात उपचाराचं सगळं सामान दडलेलं आहे. चेंडू टाकायचा तर हात कठड्यावरून सुटावा लागतो. तो कुठे पडला बघायचं तर नजर खाली जावी लागते. मांजराकडे हात करायचा तर शरीराचा भार पुढे झुकवावा लागतो. ‘कठडा सोडा, खाली बघा, पुढे झुका’ असं कुणी थेट सांगितलं असतं तर भिणारा माणूस तिथेच अडून बसला असता. खेळात तो तीच तीन कामं मांजरापायी करून टाकतो, आणि ती केल्यावरही पडलेला नसतो. सुरक्षा-वर्तन सोडवायची याहून चतुर युक्ती मला ठाऊक नाही.

खेळाने लक्ष दुसरीकडे जातं म्हणून भीती कमी होते, असा समज सहज होतो. तो इथे चुकीचा आहे. लक्ष उडवणं, म्हणजे काठावर उभं राहून मनात पाढे म्हणणं, ही सुरक्षा-वर्तनाचीच एक जात आहे. चांगला उपचार-खेळ लक्ष उंचीकडेच ओढून नेतो. त्यातलं काम काठावरच असतं आणि खाली बघितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. मधल्या वेळात प्रशिक्षिका विचारत राहते की तुम्हाला जे होईल असं वाटत होतं ते झालं का. हा प्रश्नच बरंचसं काम करतो.

कारण बरं होणं म्हणजे भीती पुसली जाणं नाही. मिशेल क्रॅस्क या मानसशास्त्रज्ञांनी पुढे आणलेली मांडणी अशी: ‘उंची म्हणजे पडणार’ हा जुना धडा मेंदूत राहतोच, उपचारात त्याच्या शेजारी ‘उंचीवर होतो आणि पडलो नाही’ हा नवा धडा तयार होतो, आणि दोघांत चुरस लागते. रानातल्या जुन्या पायवाटेसारखं आहे हे. नवी वाट पडली म्हणून जुनी लगेच बुजत नाही. पण नवी रोजची झाली की पाय तिकडेच वळतात. वापर थांबला की जुनी पुन्हा ठळक दिसू लागते. यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. नवा धडा तेव्हा पक्का होतो जेव्हा अपेक्षा आणि घडलेलं यांत मोठा फरक पडतो. म्हणून सत्रात थोडं चकित होणं आवश्यक आहे. आणि तो वेगवेगळ्या ठिकाणी गिरवावा लागतो. फक्त ऑफिसच्या इमारतीत शिकलेला धडा गिर्यारोहणात आपोआप आठवेलच असं नाही.

हे खरंच शिकणं आहे याचा एक वेगळाच पुरावा २००४ मध्ये केरी रेसलर आणि रॉथबॉम यांच्या अभ्यासात मिळाला. उंचीला भिणाऱ्यांना व्हीआर सत्राआधी डी-सायक्लोसेरीन दिलं. हे औषध क्षयरोगावरचं. भीती थेट कमी करत नाही, मेंदूतल्या शिकण्याच्या प्रक्रियेवर काम करतं. औषध घेतलेल्यांना दोनच सत्रांत जास्त फायदा झाला. पुढच्या अभ्यासांत मात्र निकाल एकसारखे आले नाहीत, आणि ती गोळी काही नेहमीच्या उपचाराचा भाग झाली नाही.

ऑक्सफर्डचा निकाल काय लागला? भीती मोजायची प्रश्नावली १६ ते ८० गुणांची होती. व्हीआर गटाचे गुण सरासरी २४.५ने उतरले, दुसऱ्या गटाचे १.२ने. भीतीतली सरासरी घट ६८ टक्के, आणि व्हीआर गटातल्या तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांची भीती निम्म्याने तरी कमी झाली. दोन आठवड्यांचा उपचार संपल्यानंतर पुन्हा दोन आठवड्यांनी मोजलं तरी फायदा कायम होता. हे सगळं सरासरी दोन तासांच्या हेडसेट-वेळात. ४९पैकी ४४ जणांनी उपचार पूर्ण केला. तिघांना सत्रं फार कठीण गेली आणि दोघांना पुढच्या वेळा जमल्या नाहीत. तीस वर्षांची भीती आणि दोन तासांचा खेळ, हे गणित कुणालाही भुरळ घालेल. म्हणूनच इथे थोडं थांबू या.

पहिली गोष्ट, दुसऱ्या गटाला काही उपचार नव्हता. त्यामुळे ‘काहीच न करण्यापेक्षा हे खूप बरं’ एवढं सिद्ध झालं. ‘चांगल्या मानसोपचारतज्ज्ञापेक्षा बरं’ असं नाही. खेळ काढून टाकलेला तिसरा गटही नव्हता, तेव्हा मांजर आणि देवमाशाचा वाटा किती आणि नुसत्या उंचीवर थांबण्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. दुसरी गोष्ट, मोजमाप प्रश्नावलीचं. प्रश्नावलीत धीट झालेला माणूस खऱ्या मनोऱ्यावर चढला का, हे तिथे तपासलं नव्हतं. तिसरी, ज्या कंपनीने हा कार्यक्रम बनवला ती ऑक्सफर्ड विद्यापीठातूनच निघालेली आणि फ्रीमन तिचे एक संस्थापक. त्यांनी ते शोधनिबंधात उघड केलं आहे, यात लपवाछपवी नाही. पण असा निकाल वाचताना कुठल्याही वाचकाने हितसंबंधांचा हा रकाना आधी बघावा.

यातल्या दुसऱ्या शंकेचं उत्तर स्वित्झर्लंडमधून आलं. बाझल विद्यापीठाच्या डोरोथे बेंट्झ आणि सहकाऱ्यांनी खऱ्या ठिकाणांची ३६० अंशांतली छायाचित्रं वापरून फोनवर चालणारं व्हीआर ॲप बनवलं, आणि परीक्षा घेतली ती झुरिकजवळच्या युटलिबर्ग डोंगरावरच्या निरीक्षण मनोऱ्यावर. खऱ्या लोखंडी जिन्याने जमेल तितकं वर जायचं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, घरी अर्ध्या अर्ध्या तासाचा सराव अनेकदा केलेले लोक मनोऱ्यावर इतरांपेक्षा जास्त वर गेले आणि त्यांना भीतीही कमी वाटली. एकाच बैठकीनंतर मनोऱ्यावर असा फरक दिसला नव्हता. सराव लागतोच.

खर्चाचा प्रश्न नेदरलँड्समधल्या तारा डाँकर यांच्या गटाने हाताला घेतला. त्यांचं ‘झीरोफोबिया’ ॲप स्वतःच्या फोनवर आणि पुठ्ठ्याच्या साध्या चष्म्यावर चालायचं, तज्ज्ञाच्या मदतीशिवाय. १९३ लोकांवरच्या त्यांच्या चाचणीत, जी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, प्रतीक्षायादीवरच्या लोकांच्या तुलनेत ॲप वापरणाऱ्यांची भीती बरीच कमी झाली. भारी हेडसेट नसला तरी काम भागतं, हे यातून दिसलं. १९९५च्या ओबडधोबड लिफ्टने ते आधीच सुचवलं होतं म्हणा.

आता घरच्या खेळाकडे येऊ. ‘रिचीज प्लँक एक्स्पिरियन्स’ नावाचा ऑस्ट्रेलियन खेळ २०१६ पासून लोकप्रिय आहे. लिफ्टने इमारतीच्या वर जायचं, दार उघडतं, समोर हवेत एक फळी. त्यावर चालायचं. हौशी लोक खाली जमिनीवर खरी फळीही ठेवतात, म्हणजे नकळत चॅपल हिलचाच प्रयोग करतात. मित्रमंडळींत हा खेळ निघाला की एक ठरलेला देखावा होतो. उंचीला भिणाऱ्याला आग्रहाने हेडसेट घालतात, तो फळीवर दोन पावलं टाकतो, किंचाळतो, हेडसेट ओरबाडून काढतो, सगळे हसतात. गमतीपुरतं ठीक असेल, पण त्या माणसाच्या मेंदूने काय शिकलं ते पाहा: भीती शिगेला असताना पळालो म्हणून वाचलो. टाळाटाळीचाच धडा, नव्या यंत्रावर. आणि तो भिणारा पुढच्या वेळी हेडसेटलाही नाही म्हणतो.

तोच खेळ उपचारात वापरला तर काय बदलतं? आधी भीतीचे प्रसंग उतरंडीने मांडले जातात, प्रत्येकाला ० ते १०० गुण देऊन. पहिल्या दिवशी लिफ्टचं दार उघडून आतच उभं राहायचं, एवढंच काम असू शकतं. ‘काय होईल असं वाटतं?’ हे शब्दांत लिहून घेतलं जातं. ‘पाय आपोआप पुढे जातील’, ‘मी स्वतःच उडी मारेन’ अशी उत्तरं येतात. ही दुसरी भीती फार लोकांना असते आणि लाजेने ते बोलत नाहीत. मग तिथे थांबायचं. आकडा ऐंशीवर गेला तरी बाहेर पडायची घाई करायची नाही. तो उतरतो का, आणि उतरला नाही तरी जे होईल असं वाटलं होतं ते झालं का, हे बघायचं. तेच पुन्हा, वेगळ्या मजल्यावर, हात मोकळे सोडून, खाली बघत. आणि त्या आठवड्यात खऱ्या जागी एक छोटी पायरी: दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चहा.

शरीराची एक गल्लत मात्र ओळखायला हवी. व्हीआरमध्ये काहींना मळमळतं. हातातल्या बटणाने आभासी जगात ‘चाललं’ की डोळ्यांना गती दिसते आणि कानाला काहीच जाणवत नाही. गाडी लागते तसा प्रकार होतो. ही भीती नव्हे, आणि ती सोसून काही शिकायलाही मिळत नाही. स्वतःच्या पायांनी दोन-चार पावलं चालता येतील असे कार्यक्रम या बाबतीत बरे. ज्यांना फिट्स येतात किंवा कानाच्या तोलाचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट घालू नये. काही दिसत नसताना खोलीत फिरायचं असतं, तेव्हा टीपॉय बाजूला करा आणि कुणाला तरी जवळ बसवा. आभासी इमारतीवरून पडून कुणाला लागत नाही, खऱ्या टीपॉयवर आपटून लागतं.

हेडसेट नसेल तर? तर काही अडत नाही. उपचाराचं तत्त्व यंत्रात नाही, आणि उंच जागा आपल्याकडे कमी नाहीत. भारतीय पुनर्वसन परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ जिन्यापासून गच्चीपर्यंतची उतरंड साध्या कागदावर आखून देतात. कुणाकडे जायचं हे कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, मराठीत बोलता येतं. व्हीआरचा खरा फायदा अशांना आहे ज्यांचं पाऊल पहिल्या जिन्यावरही पडत नाही, आणि जिथे तज्ज्ञ कमी आणि भिणारे जास्त आहेत. आपल्याकडे दुसरी गोष्ट सगळीकडे लागू आहे.

ट्रेकर मंडळींसाठी मात्र वेगळं सांगायला हवं, कारण ‘एक्सपोज्ड पॅचची (म्हणजे बाजूला उघडी दरी असलेल्या टप्प्याची) भीती घालवायला व्हीआर चालेल का?’ असं विचारणारे आता भेटू लागले आहेत. काही प्रमाणात चालेल. नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर गडाच्या त्या जवळजवळ उभ्या दगडी पायऱ्यांखाली उभं राहून ज्याचे पाय गोठतात, त्याच्या भीतीत दोन भाग असतात. एक फुगवलेला: ‘मी आत्ता मागे कोसळणार.’ तो हेडसेटमध्ये कमी होऊ शकतो. दुसरा भाग खरा: पायऱ्या अरुंद आहेत, पावसात निसरड्या होतात, वरून उतरणाऱ्यांची गर्दी असते. तो कमी करायचा नाही, त्याची व्यवस्था करायची. पायरीत कोरलेल्या खोबणीत बोटं कशी अडकवायची, उतरताना तोंड कड्याकडे ठेवायचं, कुठल्या महिन्यात जायचं, हे शिकवणारा अनुभवी माणूस बरोबर हवा. कड्यावर खोबण धरणं म्हणजे सुरक्षा-वर्तन नव्हे, ती चढाईची रीत आहे. सरावासाठी आधी रुंद, कठड्याच्या पायऱ्या असलेला गड घ्या. हरिहर त्या यादीत शेवटी, आणि कोरड्या दिवसांत.